बांबूची पाचर

अंगठ्याशिवाय वरणभात खाऊन बघा. चार बोटांनी घास कसाबसा जमतो, उचलताही येतो, पण तोंडाशी नेल्यावर त्याला आत ढकलणारं कुणी नसतं. भात हनुवटीवरून खाली सांडतो. हे मी बदलापूरच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत कुणी नसताना, अंगठा तळव्याला चिकटवून करून पाहिलं आणि डाग पडलेल्या ओढणीनिशी नववीच्या तासाला गेले.

त्याच्या महिनाभर आधी बाबांचा उजवा अंगठा गेला होता. अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्यात, पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली. आई गेल्यापासून खरवईच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. बाबा मूळचे वांगणीचे, शेतकऱ्याच्या घरातले, हात बरबटून जेवण्यात सुख मानणारे. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी चमचा नाकारला. डाव्या हातानं जेवणं त्यांना किळसवाणं वाटायचं, आणि मी भरवायला गेले तर ओठ घट्ट मिटून घ्यायचे. भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि अर्धं ताट ठेवून उठायचे. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. त्यांनी स्वतःच्या उजव्या हातानं पोटभर जेवावं, एवढंच मला हवं होतं.

त्यात माझा स्वार्थ होता, तोही सांगून टाकते.

त्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण दोन्ही हात बटणांवर असले तर पत्रा सरकवायचा कुणी, आणि दिवसाचे नग पुरे करायचे कसे? म्हणून तिथे सगळेच एका बटणात पाचर ठोकतात. ते बटण दाबलेलं राहतं आणि एक हात मोकळा होतो. कुणी तपासणीला आलं की पाचरी खिशात जातात. बाबांची पाचर गावच्या बेटातल्या बांबूची असायची. लाकडाची फुटते, बांबूची दबून बसते, असं ते ऐटीत सांगायचे. त्यांना जवळचं नीट दिसेनासं झाल्यापासून ती मी तासून देत होते. मी, जीवशास्त्र शिकवणारी बाई! रविवारी सकाळी चहा पिता पिता तासायचे, आणि ती कशासाठी हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटची पाचर, अपघाताच्या दिवशी बटणात होती ती, तर मी पॉलिश पेपरनं घासून दिली होती, बाबांच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून.

त्या आठवड्यात वर्गात अनुकूलनाचा धडा होता. पुस्तकात उंट आणि निवडुंग आहेत, तेच दरवर्षी. वेगळं काही शोधताना मला पांडा सापडला. मांस खाणाऱ्यांच्या कुळातलं हे अस्वल बांबूवर आलं. बांबू पकडायला अंगठा हवा, तर त्याच्या मनगटातलं एक हाड वाढून खोट्या अंगठ्याचं काम करू लागलं. त्याच्या पूर्वजाचं तसंच एक हाड चीनमध्ये दगड झालेलं मिळालंय, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचं. ते आजच्या हाडापेक्षा लांब आहे. आजचं आखूड आहे आणि टोकाला वळलेलं, कारण त्याच पंजावर भार टाकून चालायचंही असतं, लांब हाड पायाखाली आलं असतं. मी त्या हाडांच्या फोटोच्या दोन प्रती काढल्या, एक वर्गासाठी आणि एक घरासाठी. बापाला जीवाश्म दाखवून जेवायला लावायला निघाले होते, यावरून माझी अवस्था समजा.

बाबांनी कागद लांब धरून बघितला.

"हा खरा अंगठा नाहीये, बाबा. मनगटाचं हाड आहे. बोटं त्यावर दाबून तो बांबू धरतो."

"किती वर्सं लागली त्याला?"

"लाखो."

"मना दिवाळीनंतर कामावर बोलावलाय, बाय." मग फोटोवर बोट ठेवून, "पोट भरतं का पण त्याचं?"

"भरतं, पण त्यासाठी दिवसभर खात बसावं लागतं. आतडं अजून मांस खाणाऱ्याचंच आहे. बांबू फारसा पचत नाही."

"म्हंजे हात सुधारला नि पोट तसंच राह्यला," बाबा म्हणाले आणि हसले. अपघातानंतर पहिल्यांदा.

कागद त्यांनी देवाच्या फळीवर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी उंचवटा उरला होता, त्यावर शेजारचं बोट दाबून ते भाकरीचा तुकडा धरायला लागले. सुटायचा, पुन्हा धरायचे. दहा-बारा दिवसांत भाकरी जमली, मग भात. एके दुपारी ताट घेऊन ते माझ्याकडे तोंड करून बसले. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जाऊन रडले.

दिवाळी झाली. पुढच्या रविवारी बाबा गॅलरीत बसले होते. बांबूचा तुकडा त्यांनी उंचवटा आणि बोट यांच्यात धरला होता, अगदी घट्ट, आणि डाव्या हातात सुरी होती.

"पुन्हा प्रेसवर?" मी ओरडलेच. "पॅकिंगला बसवा म्हणावं!"

"पॅकिंगला दहा बोटां लागतात. प्रेसवर कोन बोटां मोजत नाय."

मी सुरी हिसकावून फेकली. वाटेल ते बोलले. त्यांनी शांतपणे उठून ती आणली आणि पुन्हा तासायला बसले.

"उजव्यानं पत्रा सरकवता येत नाय," ते म्हणाले. "आता डाव्यानं सरकवीन. उजव्यानं बटन दाबीन."

सुरी दोनदा बांबूवरून घसरली. तिसऱ्यांदा बोटावर येता येता राहिली. तेव्हा मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पाचर तासून दिली. कडाही घासून दिल्या.

त्या दुपारी बाबा पोटभर जेवले, माझ्यासमोर बसून, उजव्या हातानं. ताट पुसून घेतलं. पाचर ताटाशेजारी होती. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. पाचही बोटं मांडीवर स्वस्थ पडली होती.