मोजून लावलेला वाटा

मला धाप लागते. जिने चढून नाय, बोलून. चार माणसांपुढे तोंड उघडायचं म्हटलं की छातीत मोटर सुरू होते आणि मग मी एका दमात सगळं बोलून टाकते, कारण मध्ये थांबले तर परत सुरू होणार नाय हे मला माहीत असतं. लिहिताना पण तसंच होतंय, सांभाळून घ्या. शाळा नववीपर्यंत झाली, पुढे नाय झाली.

आम्ही मढचे. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, एकदा गेला की कधी येईल ते समुद्राला माहीत. सासू अंधेरीच्या एका मासळीबाजारात ओट्यावर बसायची. बर्फात हात घालून घालून तिच्या बोटांची ताकद गेली, कोयता धरला की हातातून सुटायचा. मग बाजारातल्या बायकांना सांगून तिनं ती जागा माझ्या नावावर केली. माझी पोरगी तेव्हा तान्ही. अंगावर पिणारी. बाटली तोंडाला लावली की अशी तोंड फिरवायची जसं काय मी विष देतेय.

पहिल्या दिवशीच माझी फजिती झाली. बारीक मासळी आम्ही तोलून नाय विकत, ओट्यावर छोटे छोटे ढीग लावतो, त्याला वाटा म्हणतात. गिऱ्हाईक बोट दाखवतं, तो वाटा त्याचा. मी मांदेली घेऊन बसले आणि शाळेत गेलेली ना मी, एक एक मांदेली मोजून प्रत्येक वाट्यात सारखी टाकली. एक कमी नाय, एक जास्त नाय. मला वाटलं काय झकास काम केलंय. तर मोठ्या मांदेलीचे वाटे उचलून गेले पटापट, आणि बारकीचे पडून राहिले, उन्हानं त्यांचे डोळे पांढरे झाले तरी कोणी हात लावीना.

तेव्हा मोठी मावशी आली. बाजारात सगळ्या तिला मोठी मावशीच बोलतात. बाजाराचं सगळं तीच बघते. माझ्या ओट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोणी शिकवलं गो तुला?"

"सारखे लावलेत, मावशी. मोजून."

"मोजून." तिनं आजूबाजूच्यांकडे बघितलं, त्या हसायला लागल्याच होत्या. "वाटा मोजायचा नसतो, बाय. बघायचा असतो. बारीक आली तर दोन जास्त टाक. तेव्हा तो सारखा होतो."

आणि तिनं स्वतःच्या हातानं माझे सगळे वाटे मोडून परत लावले. हात असा फिरला की मी बघतच राहिले. थोड्या वेळात सगळे वाटे विकून संपले.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं, पुढे कामाला येतं.

पोरीला मी पहिले थोडे दिवस बाजारातच ठेवलं. थर्माकोलचा बॉक्स धुऊन सुकवून त्यात सासूचं जुनं लुगडं अंथरलं, आणि बॉक्स ओट्याखाली. रडली की तिथंच पदराखाली घ्यायचं. पण माझ्या शेजारच्या ओट्यावरची आजी बसल्याबसल्या ओरडली, "कोयत्याच्या खाली पोर ठेवतात का गो? अक्कल कुठे ठेवलीस, मढला?" पूर्वी एका पोराचं बोट गेलं होतं म्हणे असंच, तेव्हापासून बाजारात पोर आणायचं नाय असा नियम. आजी खरं बोलत होती, मला राग आला तरी खरं होतं. मग सासू पोरीला घेऊन बाहेर गेटच्या पायरीवर बसायला लागली.

पण बाजाराचा दुसरा नियम होता. सकाळच्या गर्दीत जागेवरून उठायचं नाय. उठली तर त्या दिवसापुरती जागा बाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या, ओटा नसलेल्या बाईला. दुसऱ्यांदा उठली तर जागाच गेली. आणि बदली माणूस बसवायचा नाय, सासू असो की जाऊ.

हा नियम कोणी वाईट मनानं नव्हता केला, हे पण सांगायला पायजे. सासू सांगते, आधी दोनचार दांडग्या बायकांनी तीन तीन ओटे अडवलेले, एकावर स्वतः, बाकीच्यांवर भाड्याच्या पोरी. गरीब बायका बाहेर गटाराशेजारी पाटी घेऊन. मोठी मावशी त्या सगळ्यांशी भांडली. शिव्या खाल्ल्या, एकदा डोकं फुटलं तिचं. आणि एका बाईला एक ओटा, सगळ्यांचा एका मापाचा, जिचा ओटा तिनंच बसायचं, हे तिनं करून घेतलं. तिच्या बांबूनं तिनं ओटे मापले होते, तो बांबू अजून गेटवर आहे. म्हणून तर कोणी तिच्यापुढे बोलत नाय. तिनं सगळ्यांना सारखं केलं.

एक दिवस ऐन गर्दीत पोरगी बाहेर रडायला लागली. ज्यांनी पाजलंय त्यांना कळेल. ती तिकडे रडते आणि इकडे ब्लाऊज भिजतो, तुम्ही काय ठरवायचं तुमच्या हातातच नसतं. समोर गिऱ्हाईक, "ताई, पापलेट ताजं आहे ना?" आणि मला काहीच ऐकू येईना. मी कोयता ठेवला आणि पळाले.

परत आले तर माझ्या ओट्यावर बाहेरची बाई बसलेली. माझी मासळी एका टोपात भरून बाजूला ठेवलेली, नीट, बर्फ घालून. तिनं माझ्याकडे बघितलं पण नाय. तिलाही दोन पोरं होती घरी, तीही कधीपासून वाट बघत होती. मला तिच्याशी भांडता पण येईना.

आता एकदा झालं होतं. अजून एकदा उठले की सासूची जागा गेली. आणि पोरगी तर रोज रडणार.

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी सगळ्या जमतात, धुतलेल्या ओट्यांवर पाय सोडून बसतात, काय असेल ते तिथं बोलायचं. मी सासूला बोलले, मी बोलणार. सासू बोलली, "वाट लावशील, गप बस, मी पाया पडते मोठ्या मावशीच्या." मी बोलले पाया नाय पडायचं. का बोलले मला माहीत नाय.

मोठी मावशी बोलली, "बोल."

 मी एका दमात बोलून टाकलं. "मावशी, मला पोरीला पाजायला उठावं लागतं, तेवढं उठू द्या, शेजारची बघेल माझी जागा, मी येते लगेच, एवढंच."

"नियम सगळ्यांना सारखा हाय."

"हो पण..."

"माझ्या सुनेला पोर झालं तेव्हा ती घरी बसली. तिच्यासाठी मी नियम वाकवला? विचार सगळ्यांना." कोणाला विचारायची गरज नव्हती, सगळ्यांना माहीत होतं, सुनेची जागा गेली होती. "आणि तुला कोणी बांधून ठेवलंय काय? मोकळी हायस तू. घरी बस, पोर मोठी कर, मग ये."

"मग आल्यावर जागा असेल?"

ती पदर नीट करायला लागली.

"मग कसली मोकळी?" हे माझ्या तोंडातून निघून गेलं. "गेले तर जागा गेली, बसले तर पोर उपाशी, आणि बोलता मोकळी हायस. दार उघडं आहे पण बाहेर पाय टाकला की आत यायचं नाय, हे काय मोकळं असतं?"

एक बाई बोलली, "जाऊ दे ना मावशी, लेकुरवाळी हाय, नवीन हाय, हिला सूट देऊया. कोण एवढं बघतंय."

इथं मला हो बोलायला पायजे होतं. सासूनं मागून पदर ओढला माझा. सगळे डोळे मऊ झाले होते, बिचारी बिचारी असं तोंडावर आलं होतं त्यांच्या. आणि मला समजलं की उद्या कोणाशी पाण्यावरून वाजलं तरी ती पहिलं हेच बोलणार, तुला सूट दिली होती आम्ही, विसरलीस? जन्मभर मान खाली. आणि पुढच्या वर्षी दुसरी कोणी तान्ही घेऊन आली तर तिनं परत रडायचं, तिचं तोंड आवडलं तर सूट, नाय आवडलं तर नाय.

"सूट नको," मी बोलले.

"काय?"

"सूट नको मला. नियमात घाला."

मोठी मावशी हसली, पण डोळे हसले नाय. "बघा गो, शाळेत गेलेली हाय."

शाळेत गेले होते ते खरंच. रोज सकाळी पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं म्हणायला लावायचे, न्याय, स्वातंत्र्य, समानता, आम्ही एका श्वासात म्हणून मोकळ्या. मला त्या तीन सख्ख्या बहिणी वाटायच्या, एकीला बोलावलं की तिघी येणार. ह्या तिघी घरात भांडतात हे कोणी सांगितलंच नाय. समानता समोर बसली होती, डोक्यावर जुन्या टाक्याची खूण घेऊन, आणि मला 'नाय' बोलत होती.

मग मला मांदेली आठवली. ठरवून नाय, आठवलीच.

"मावशी, पहिल्या दिवशी तूच बोललीस ना मला." मी तिला तू बोलले हे मला नंतर समजलं. "मी मोजून वाटे लावले तर सगळ्यांसमोर हसलीस. बारीक आली तर दोन जास्त टाक, तेव्हा तो सारखा होतो, तूच बोललीस. मग हे काय आहे? हा पण मोजूनच लावलेला वाटा आहे. सगळ्यांना एकच, उठायचं नाय. ज्यांची पोरं मोठी त्यांना काय फरक पडतो. माझा वाटा बारकीचा आहे ना, मग तो पडून राहणार ना."

 मोठ्या मावशीनं उत्तर दिलं ते असं होतं की मला पण पटलं.

"मांदेली तोंड नाय उघडत, बाय. माणूस उघडतो. आज तुला दोन जास्त टाकली की उद्या सगळ्या हात पुढे करतील, माझी बारीक, माझी बारीक. मग जिचा आवाज मोठा तिचा वाटा मोठा. मी ते बघितलंय. ह्या कपाळावर बघितलंय."

"तर बघू ना," मी बोलले, धाप लागली होती, शब्द तुटत होते. "सगळ्यांनी मिळून बघू कोणाची बारीक ते. तुझ्या एकटीच्या हातानं नाय, माझ्या पण नाय. इथंच बसून. वाटा बघून लावता येतो तर नियम का नाय लावता येत? आपल्याला डोळे नाहीत?"

"आणि खोटं बोलली कोणी तर?"

"तर तुझा बांबू आहेच गेटवर."

हशा झाला. मी विनोद नव्हता केला, पण झाला हशा. आणि त्या हशात माझ्या शेजारची आजी बोलली, तीच, जिनं बॉक्सवरून मला झापलं होतं. खाली बघून बोलली.

"मी सकाळी पाणी नाय पीत."

"हे काय मध्येच, आजी?" एकीनं विचारलं.

"पाणी प्यालं की उठावं लागतं. साखर हाय मला, थांबत नाय. संडास पार त्या टोकाला. म्हणून घरातून निघाल्यापासून पाणी नाय पीत मी. किती वर्षं झाली." तिनं वर बघितलं. "डॉक्टर बोलतो पाणी पी. मी बोलते हो."

मग कोणी हसलं नाय. एक बाई हळूच बोलली, मी पण. दुसरी बोलली, पाळी असली की मी त्या दिवशी येतच नाय, आजारी सांगते. एवढ्या वर्षांत एकमेकींना चिकटून बसलेल्या बायका, एकमेकींच्या पोरींच्या लग्नात नाचलेल्या, आणि हे कोणी बोललं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं आपलीच एकटीची बारीक.

 मोठी मावशी उठली, बोलली, "पाणी भरायला जायचंय मला," आणि गेली. हो नाय, ना नाय.

सासू परतीच्या फेरीबोटीत वर्सोव्यापासून मढपर्यंत माझ्यापासून लांब, पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी बसले. लक्ष सगळं बाहेर पायरीकडे, मासळीचे वाटे सरळ लागेनात. गर्दी झाली, आणि पोरगी रडली. मी आजीकडे बघितलं. आजी गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. मोठी मावशी गेटजवळ उभी होती, तिच्या बांबूला टेकून, माझ्याकडेच बघत. मी कोयता खाली ठेवला. लपून नाय उठले, पळाले पण नाय. सगळ्यांच्या मधून चालत गेले, मावशीच्या बाजूनं.

पायरीवर पोरीला घेतलं. ती पीत होती आणि मी मनात जागा सोडून देत होते, ओटा गेला, सासूनं आयुष्य घातलेला ओटा. पण तिला अर्धवट सोडून नाय पळाले. पोट भरू दिलं.

आत आले तेव्हा बाहेरची बाई पाटी घेऊन माझ्या ओट्यासमोर उभी होती, आणि आजीनं स्वतःचं मासळी कापायचं फळकूट अर्धं माझ्या ओट्यावर सरकवलेलं. "भरलेली हाय जागा," ती सांगत होती तिला, "दिसत नाय? बसलेलीच हाय ती. पाजायला गेली म्हणजे उठली नाय."

"नियम हाय ना," बाहेरची बोलली, आणि मोठ्या मावशीकडे वळली.

मावशी आली. माझ्याकडे बघितलं नाय, बाहेरच्या बाईकडे पण नाय. माझ्या वाट्यांवर वाकली. एका वाट्यात अगदी बारकी मांदेली आली होती, मी लक्ष नसताना लावलेली. तिनं टोपातून दोन उचलून त्याच्यावर टाकल्या.

"सुट्टीच्या दिवशी बोलू," बाहेरच्या बाईला बोलली. "तुझं पण बोलू. तेव्हा ये."

मी तिचे आभार नाय मानले. मानले असते तर ती सूट झाली असती. मी बसले, कोयता घेतला, गिऱ्हाइकाला विचारलं काय पायजे.

शेजारून आजीचा हात आला. "तुझी बाटली दे गो."

मी पाण्याची बाटली दिली. तिनं बूच काढलं, मान वर केली आणि भर बाजारात, ऐन गर्दीत, अख्खी बाटली प्यायली.