पानामावशीचे दोन इंच

ॲडजस्ट हा शब्द कोणी काढला ते पानामावशीला माहीत नव्हतं, पण तो माणूस भेटला असता तर तिने त्याला दिवसभर एका पायावर उभा केला असता.

गणवेश शिवायच्या कारखान्यातली चाळीस मशीनं चालती ठेवणं हे तिचं काम. हातात कायम पाना, म्हणून हे नाव. सव्वीस वर्षांपूर्वी तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकच्या तोंडी या इंग्रजी शब्दाचा एकच अर्थ होता. स्क्रू फिरवायचा, धाग्याचा ताण बघायचा, पुन्हा फिरवायचा. मशीनवरची बाई बदलली की टेबलही बदलायचं. उंच बाई आली तर टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे, ठेंगणी आली तर काढून घ्यायचे. प्रत्येक ठोकळ्यावर खडूने बाईचं नाव. "मशीन माणसाला बसवायचं, माणूस मशीनला नाही," म्हातारा म्हणायचा.

बाकी जगाने तो शब्द नासवला. लग्नानंतर तिचं अंथरूण ओट्याखाली पडलं, तेव्हा आई म्हणाली, ॲडजस्ट कर. नवरा नोकरी सोडून घरी बसला, तेव्हा सासरे म्हणाले, ॲडजस्ट कर. सांगणारा एकही जण स्वतः जागचा हलला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात नवी लोखंडी टेबलं आली. सगळी एका उंचीची, जोड पक्के मारलेले. पाहुण्यांना रांग सरळ दिसावी म्हणून. ठोकळे भंगारात गेले. मॅनेजरने हे स्वतःच्या खुर्चीत बसून सांगितलं, आणि त्या खुर्चीखाली दांडी होती. दांडी ओढली की खुर्ची वर, दाबली की खाली.

"मावशी, बायकांना म्हणावं, ॲडजस्ट करून घ्या."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण निवृत्तीला दहा महिने उरले होते. ती गप्प बसली.

तिची सून त्याच कारखान्यात बाह्या जोडायची. सून ठेंगणी. स्टूल उंच केलं तर पाय मशीन चालवायच्या पायट्याला पोचेनात, खाली केलं तर हात खांद्याच्या वर. पहिल्याच आठवड्यात तिने घरी सांगितलं, "आई, खांदा दुखतो हो."

तेव्हा मावशी भांडी लावत होती. मागे न बघताच म्हणाली, "अगं, थोडं ॲडजस्ट कर. सवय होईल."

सुनेने पुन्हा विषय काढला नाही.

आज सकाळी सून मुलीची वेणी घालत होती. उजवा हात वर जाईना. तिने मुलीला जमिनीवर बसवलं, मग पाटावर बसवलं, शेवटी डाव्या हाताने उजवा कोपर उचलून धरला आणि तसाच कंगवा फिरवला. मुलगीसुद्धा न सांगता मान मागे टाकून बसली होती. म्हणजे हे आजचं नव्हतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मावशीला मॅनेजरचा राग आला, आईचा आला, मेलेल्या सासऱ्यांचा आला. पण सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या तोंडाचा.

जेवणाच्या सुट्टीत तिने सुनेच्या टेबलाखाली स्टूल सरकवून टेबलाचं वजन त्यावर तोललं, चारही पायांवर खडूने दोन इंचांची खूण केली आणि लोखंड कापायची करवत चालवायला घेतली. आवाजाने मॅनेजर धावत आला.

"मावशी, कंपनीचा माल आहे. आठ महिने राहिलेत तुमचे, विसरलात का?"

"नाही विसरले. त्याच भीतीनं दोन महिने गप्प होते," ती म्हणाली आणि करवत थांबवली नाही. "बाजूला व्हा, कीस डोळ्यात जाईल."

चौथा तुकडा पडला, तेव्हा सुट्टी संपायला दहा मिनिटं बाकी होती. टेबलाच्या पायांना रबरी बूट परत चढवून तिने ते हलवून पाहिलं. डगमगत नव्हतं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मावशी, माझं दीड इंच."

सून बसली. पाय पायट्यावर टेकले, कोपर टेबलाला लागले. तिने शिवायला सुरुवात केली.

वीस मिनिटांचं काम होतं. मावशीने ते दोन महिने केलं नव्हतं. टेबल खाली आलं, पण सुनेचा उजवा खांदा तसाच कानाशी चढलेला राहिला.