लाटण्याच्या मुठीवरची नखी

“प्लास्टिक गॅसवर धरतं का कुणी?” दैवशालानं खिडकी उघडली आणि पदरानं धूर हाकलला.

“मंग कशावर धरतात?” बद्रीनाथच्या हातात सांडशी होती आणि सांडशीच्या टोकाला वाळल्या मिरचीसारखं आक्रसलेलं काहीतरी. “सव्वीस वर्षं मिलमध्ये तेच करून राह्यलो. गरम झालं की पाहिजे तसं वाकतं.”

“ते लोखंड असतं! ही गिटारची नखी तीन दिवसांखाली आल्ती पार्सलनं. एकदा विचारायचं तरी.”

“तुझा अंगठा जांभळा पडत होता, म्हणून जरा ढिली करायला गेल्तो.”

“अन् भजं करून ठेवलं.”

“माय, तू तरी सांग हिला.”

पुष्पाबाई दारात शेपू निवडत बसल्या होत्या. “मला तुमच्यात वढू नका,” त्या म्हणाल्या. “हा वास भाकरीला लागंल का, तेवढं सांगा.”

बद्रीनाथनं सांडशी मोरीत टाकली. “तसं बी आठ दिवसांवर पंचमी आली. वसंताचा फोन येणार, तू भोकरदनला जाणार, महिनाभर कळ्या सोलणार. तिकडून आली की दोन महिने तुला त्या अंगठ्यानं भुईमुगाची शेंग फोडता येत न्हाई. मंग नखी जळली काय अन् राह्यली काय?”

दैवशालानं मोरीतली सांडशी उचलून घासायला घेतली. दरवर्षी तसंच होत होतं.

वसंता तिचा धाकटा भाऊ. भोकरदनजवळ त्याचा कपाशीच्या संकरित बियाण्याचा सीड प्लॉट. तिथं उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख रुतवायचं आणि एक पीळ देऊन पाकळ्या नि पुंकेसर एकदम उतरवायचे. आतला नाजूक दांडा मोडता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. दैवशाला हे काम सोळाव्या वर्षी शिकली आणि लग्नानंतरही दर श्रावणात माहेरी जाऊन करत राहिली. तिच्याइतका चालता हात त्या शिवारात दुसरा नव्हता. लेकीचं, प्रीतीचं, नर्सिंगचं शिक्षण याच कामावर झालं. मात्र नख मधोमध चिरलं ते चिरलंच. अर्धं वर उचललेलं, अर्धं मांसात गेलेलं.

गिटार प्रीतीची. पोरगी संभाजीनगरला नोकरीला गेली आणि गिटार ओढणीत गुंडाळून कपाटावर राहिली. दोन वर्षांखाली दसऱ्याच्या साफसफाईत दैवशालानं ती खाली काढली, पुसता पुसता जाड तार अंगठ्यानं ओढली, आणि हातातलं फडकं तसंच धरून तो आवाज विरेपर्यंत उभी राहिली. आठवड्यानं ती वामन सरांच्या दारात होती. सर टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. गल्लीतल्या मुलांना हौसेनं गिटार शिकवायचे.

“मुलीला पाठवा की,” सर म्हणाले होते.

“मुलगी तिकडं इंजेक्शनं देऊन राह्यली. मलाच शिकायचंय.”

सरांनी तिला आधी नुसता अंगठा चालवायला सांगितला. वरच्या तीन जाड तारा, एकामागून एक. बाकीची बोटं खालच्या तारांवर. मुलांना हे जमायला महिने लागायचे. अंगठा हलला की बोटं हलायची. दैवशालाचा अंगठा मात्र बोटांना न विचारता चालला.

“सवय कशाची?” सरांनी चष्मा वर केला.

“कळ्या सोलायची.”

पण चिरलेलं नख तारेत अडकायचं. एकदा रक्त आलं, तेव्हा सरांनीच नखीचं सुचवलं. अंगठीसारखी अंगठ्यात घालायची, पुढं आलेल्या टोकानं तार छेडायची. जालन्यात मिळेना, म्हणून प्रीतीनं मोबाइलवरून तीन तऱ्हेच्या मागवल्या. पहिली अंगठ्याच्या पेरावर अशी चावायची की दहा मिनिटांत बधिर. तिचाच आज कोळसा झाला होता. दुसरीही प्लास्टिकची, पण मोठी होती. तार ओढली की गर्रकन फिरायची, आणि एकदा तर निसटून पिठाच्या डब्यात जाऊन पडली. तिसरी पत्र्याची. ती बद्रीनाथला पसंत होती, कारण ती मजबूत होती. पुष्पाबाई म्हणाल्या, “कुणी तवा खरवडून राह्यलं का?”

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी बद्रीनाथची पहिली पाळी होती. तीनला सुटला, पण घरी आला साडेचारला. गाडी लावली, हात धुतले आणि कुणाकडं न बघता म्हणाला, “पाण्यात करायचं असतं.”

“काय?” दैवशालानं विचारलं.

“नखी. सरांकडं गेल्तो. उकळतं पाणी उतरवायचं, नखी त्यात मिनिटभर ठेवायची, नरम पडली की आकार द्यायचा अन् थंड पाण्यात बुडवायची. जाळावर धरायचीच न्हाई.” त्यानं हात पुसले. “आमच्याकडं पाणी असतं ते गार करायला. पाण्यानं गरम करायचं, हे कोणाच्या डोक्यात येणार?”

“सर हसले का?”

“हसले. चहा बी पाजला.”

त्यानं ती मोठी, फिरणारी नखी मागितली. मग शिलाईच्या डब्यातला दोरा घेऊन तिच्यासमोर बसला. “हात दे.”

मिलमध्ये सळईचं माप घ्यावं तसं त्यानं दोऱ्यानं अंगठ्याचं माप घेतलं. एकदा पेराच्या खाली, एकदा वर. मग अंगठा उजेडाकडं वळवला, नि तसाच धरून राहिला. एवढ्या वर्षांत हा हात त्याला ताट वाढताना दिसला होता, डब्याचं झाकण लावताना दिसला होता.

“हे नख असं कधी झालं?”

“प्रीती पोटात होती तेव्हा.”

“बोलली न्हाईस कधी.”

“तुमचे हात भाजलेले असायचे. त्यात हे काय सांगायचं?”

त्यानं मान खाली घातली. “पेर जाड हाये अन् खाली बारीक,” तो दोऱ्याला गाठ मारत म्हणाला. “म्हणून एक चावते अन् एक फिरते. बाजारात हे माप मिळणारच न्हाई. पण गरम नखी तुझ्या अंगठ्यावर कशी वळवू? भाजंल.”

पुष्पाबाईंनी दोऱ्याचा फासा त्याच्या हातातून घेतला. आधी रवीच्या दांड्याला लावून पाहिला, मग मुसळीला. शेवटी लाटण्याच्या मुठीवर तो बरोबर बसला. “हे घे,” त्या म्हणाल्या. “अन् आज चपात्या व्हायच्यात, मोडू नको.”

नखी पाण्यातून निघाली, लाटण्याच्या मुठीवर दाबली गेली आणि गार पाण्याच्या तांब्यात बुडाली. पहिल्यांदा कमी आवळली. दुसऱ्यांदा जास्त. तिसऱ्यांदा बद्रीनाथनं आतली धारदार कड पॉलिश पेपरानं घासली, पुढचं टोकही थोडं कमी केलं आणि लाटणं धुऊन आईला परत दिलं.

दैवशालानं नखी घातली. हात झटकला. ती जागची हलली नाही. गिटार मांडीवर घेऊन तिनं वरची जाड तार छेडली, मग तिच्या खालची, मग बोटांसकट सगळं. सरांनी शिकवलेली चाल ती पहिल्यांदाच मध्ये न थांबता शेवटपर्यंत वाजवू शकली. मग पुन्हा वाजवली. पुष्पाबाईंच्या चपात्या राहिल्या, बद्रीनाथचा चहा गार झाला. पण दोघं उठले नाहीत.

अर्ध्या तासानं तिनं नखी काढली. अंगठ्यावर फिकट गुलाबी वळ होता. बघता बघता तोही गेला. तिनं त्या चिरलेल्या नखावरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. यानं पोरीला शिकवलं, तिला वाटलं. यानंच गिटारही शिकवली. कुणी तरी याच्यासाठी आज लाटणं वापरलं. ती गॅसकडं तोंड करून चहा पुन्हा गरम करत राहिली.

“चांगली झाली,” ती तिकडं बघतच म्हणाली.

“झाली ना? मंग झालं,” बद्रीनाथ म्हणाला.

फोन वाजला. वसंता होता. कळ्या लागल्या होत्या, बाया सांगून ठेवल्या होत्या, सोमवारी ताई पाहिजेच होती. दैवशाला फोन घेऊन ओट्यापाशी गेली. बराच वेळ ऐकत राहिली, मधूनच “व्हय” म्हणाली, आणि शेवटी हळू आवाजात काहीतरी बोलून फोन ठेवला.

बद्रीनाथ नि पुष्पाबाई दोघंही तिच्याकडंच बघत होते. तिनं नखी देवळीतल्या हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली, परात घेतली आणि पिठात पाणी घातलं.

“सोमवारी भोकरदनला चालले,” ती म्हणाली. “नव्या बायांना काम शिकवीन, दिवसभर प्लॉटवर उभी राहीन. कळीला अंगठा लावणार न्हाई. वसंताला सांगितलंय तसं. गिटार संगं नेणार.”