डबा वर, उशीर चालू

बटण दाबलं की त्या बोट तसंच वर धरून ठेवायच्या, समोरच्याला थोपवावं तसं. आणि म्हणायच्या, "आता थांब. खेड्यातला माणूस थांबतो तितकं थांब."

ऑफिसात सगळे त्यांना मॅडमजी म्हणत, मी ताई म्हणायचे. जयपूरच्या त्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्या साताऱ्याच्या, नवरा फौजेत. मी बँकेच्या बदलीने इथे आलेल्या बापाची लेक, इथल्याच प्रताप नगरात वाढलेली. "'मतलब' काढून घेतला तर तुझं वाक्य उभं राहील का गं?" त्या विचारायच्या. मी म्हणायचे, "मतलब, प्रयत्न करते."

आमचं काम ॲप तपासायचं. ऑफिसातलं नेट भरधाव, तिथे सगळीच ॲप गुणी दिसतात. म्हणून ताईंनी ॲप आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक जुना कॉम्प्युटर बसवला होता. तो सर्व्हरकडून येणारं प्रत्येक उत्तर मुद्दाम तीन सेकंद अडवून धरायचा. असा उशीर घातला की ॲपला खरंच पोहता येतं की ते नुसतंच काठावर उभं आहे, ते कळतं. तुमच्याही फोनवर ते गोल चक्र फिरत बसतं ना? ते आम्ही मुद्दाम फिरवायचो.

उशीर चालू असला की त्या कॉम्प्युटरवर ताई आपला जेवणाचा स्टीलचा डबा ठेवायच्या. डबा वर, उशीर चालू. जेवणाच्या सुट्टीत उशीरही बंद आणि डबाही खाली. चिठ्ठी पंख्याने उडते, डबा उडत नाही, असं त्यांचं म्हणणं. हळूहळू सगळा मजला विचारू लागला, "मॅडमजी, डब्बा ऊपर है क्या?"

उशिराची त्यांना घरचीच ओळख होती. "आमचे हे चौकीवरून 'जेवलीस का' विचारतात, ते मी भांडी घासताना पोचतं," म्हणून हसायच्या. एकदा एका प्रोग्रामरने कुरकुर केली की एवढं वाईट नेट असतं कुणाकडे. ताई शांतपणे म्हणाल्या, "भैया, खातीपुरा स्टेशन से गाड़ी पकड़िए, दो घंटे बाद नेट का पूछिए."

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. एका रुग्णालयाचं डायलिसिसची वेळ ठरवायचं ॲप आलं. तीन सेकंद उत्तर नाही म्हणून मी दुसऱ्यांदा बटण दाबलं, आणि पहिल्यांदा मिळालेली वेळ रद्द झाली. मी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. ताईंनी पाठ थोपटली. "हे माझ्या नजरेतून सुटलं असतं पोरी. आता तुला कायम करायला कोण नाही म्हणतं बघू." आणि डब्यातलं अर्धं थालीपीठ मला दिलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या नवऱ्याची बदली अंबाल्याला झाली. मुलीच्या शाळेसाठी त्यांना लगेच निघायचं होतं, आणि साहेबांनी सांगितलं की हे ॲप पोचतं केल्याशिवाय सोडणार नाही. प्रोग्रामर म्हणाले, दुरुस्त झालं. दुसऱ्या दिवशी मी तपासायला बसले. डबा वर होता. मी बटण दाबलं, ताईंनी बोट वर धरलं, आणि मी मनात 'एक' म्हणायच्या आत उत्तर हजर.

"ताई, इतक्या लवकर?"

"दुरुस्त केलं ना त्यांनी. कर सही."

आता हा माझा वेडेपणा बघा. ॲप कितीही दुरुस्त करा, आम्हीच घातलेले तीन सेकंद जातील कुठे? कालचा शिकाऊसुद्धा हे सांगेल. मलाही ते आतून टोचलं होतं. पण डबा वर होता, आणि डब्यावर माझा विश्वास होता. मी सही केली. ताई शनिवारी गेल्या. जाताना मला जवळ घेऊन रडल्या, मीही रडले.

पंधरा दिवसांनी एक आजोबा लांबच्या गावातून पहाटेच्या बसने रुग्णालयात पोचले, तर त्यांची वेळच नव्हती. घरी चक्र फिरत राहिलं म्हणून त्यांनी दोनदा दाबलं होतं. दुपारपर्यंत ते बाकावर बसून होते, मग कशीबशी जागा मिळाली. साहेबांनी मला अहवाल दाखवला. "साइन आपका है न?" माझीच होती. माझं प्रोबेशन वाढलं आणि तपासणीचं काम काढून घेतलं.

मी त्या जुन्या कॉम्प्युटरची सहीच्या दिवसाची नोंद उघडली. उशीर बंद, सकाळी नऊ पन्नास, ताईंच्या नावाने. मी दहाला येते. म्हणजे आधी उशीर बंद केला आणि मग वर डबा ठेवला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. "पोरी, मला जायचंय, डोळेझाक कर," असं तोंडावर म्हणाल्या असत्या, तर कदाचित मी केलीही असती. पण त्यांनी मला विचारलंच नाही. मला शिकवलेल्या खुणेनेच मला फसवलं, याचा राग अजून जात नाही.

डबा इथेच राहिला होता. त्याचं निमित्त करून मी फोन केला.

"अगं, राहू दे तुलाच," ताई म्हणाल्या. आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. ताई, त्या दिवशी उशीर बंद होता."

सवयीने मी मोजू लागले. एक, दोन, तीन. तिकडे कुकरची शिट्टी झाली, तीही नीट ऐकू आली. सात, आठ. मागून त्यांच्या मुलीने विचारलं, "मम्मी, कौन है?"

"कुणी नाही," ताई म्हणाल्या.

मग फोनजवळ तोंड आणून मला म्हणाल्या, "हॅलो? हॅलो? तुझा आवाज पोचत नाहीये गं."