भावाला सांगितलेला वकील

माझा उजवा हात कोपरातून सरळ होत नाही. कामठीहून नागपूरला येताना शेअर ऑटो उलटला, त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तेव्हा मी यंत्रमागावर होतो. नुकसानभरपाईचा दावा करायचा म्हणून कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारलं आणि तिथेच बसलेल्या एका वकिलाच्या हाती कागद दिले. तो आधी पैसे मागत नसे; मिळतील त्यातला चौथा हिस्सा घेई. मला ते सोयीचं वाटलं. पण केस लांबली की त्याचा हिस्साही लांबत होता, म्हणून त्याला ती लवकर मिटवायची घाई. लोकअदालतीत विमा कंपनीने पहिल्यांदा जो आकडा सांगितला, त्यावरच त्याने माझी सही घेतली.

चेक आणायला गेलो तेव्हा कोर्टातल्या बाकावर एक सुतार भेटला. हात माझ्यासारखाच मोडलेला, पण त्याला माझ्या तिप्पट मिळाले होते. त्याची वकीलबाई धरमपेठेत बसायची. फी आधी ठरवायची, हप्त्याने घ्यायची, पावती द्यायची. आणि हाडाच्या डॉक्टरला साक्षीला उभं करायची. हात किती निकामी झाला हे डॉक्टरच्या तोंडून कोर्टापुढे आलं की आकडा बदलतो, हे मला त्या बाकावर कळलं. त्याने बाईचं कार्ड दिलं. मी ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं.

तीन वर्षांनी कन्हानच्या पुलाजवळ धाकट्या भावाला ट्रकने उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

या भावाबद्दल खरं लिहायचं तर, वडिलांनी मागांची वाटणी केली तेव्हा दोन नवे त्याला गेले, कारण त्याच्या हाताखाली धागा तुटत नसे. त्याच्या घरावर स्लॅब पडला, माझे पत्रे तसेच राहिले. आई शेवटपर्यंत त्याच्याकडे होती. माझा हात मोडला तेव्हा दवाखान्याचा खर्च त्याने केला, आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागलं.

दवाखान्यातल्या खाटेवरून त्याने विचारलं, "दादा, तुया वकील कसा होता गा?"

मी धान्य घेऊन तसाच तिकडे गेलो होतो. रेशनकार्ड पिशवीत होतं, त्यात ते कार्ड. पण बाईकडे गेला तर त्याच्या पायाचे माझ्या हाताच्या कितीतरी पट होतील, एवढंच मला दिसलं. अपघातातसुद्धा हा माझ्या पुढे जाणार.

"चांगला आहे," मी म्हणालो. "पयले पैसे मांगत नाही."

सहा-सात महिन्यांत तडजोड झाली. भाऊ कुबड्यांवर पेढे घेऊन आला. वाकता येईना म्हणून त्याने माझ्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला. किती मिळाले ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढे त्याने माग विकले आणि पिठाच्या चक्कीवर बसू लागला.

गेल्या महिन्यात त्याच्या जावयाला कारने धडक दिली. कंबरेचं हाड मोडलं. भाऊ माझ्याकडे बसलेला असताना मुलीचा फोन आला. त्याने तिला सांगितलं, "दुसऱ्या कोणाले विचारू नको वं. मोठ्याबाबाचा वकील आहे ना."

मी त्याच्या हातातून फोन घेऊन बंद केला. रेशनकार्ड काढलं, पिवळं पडलेलं ते कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

तो बराच वेळ कार्ड उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "तुले किती भेटले होते?"

मी आकडा सांगितला.

"मले त्याच्या चौपट," तो म्हणाला. "तुले वाईट वाटन म्हणून बोललो नाही."

पाय गेलेल्या माणसाला तेही फार कमीच होते. मग त्याने मुलीला परत फोन लावला आणि धरमपेठेतला पत्ता सावकाश, दोनदा वाचून दाखवला. निघताना कुबड्या एरवी मी देतो. त्या दिवशी त्याने स्वतःच ओढून घेतल्या.

तो दारातून बाहेर पडेपर्यंत मला माफी मागता आली असती. पण 'चौपट' ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं, आणि ती राहून गेली. अजून मागितलेली नाही. म्हणून आधी हे लिहून ठेवलं.