दोन घरांचा हेडफोन

चूक माझी होती. हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं — बायकोलाही नाही.

आधी त्या हेडफोनबद्दल सांगू द्या. त्याच्यामागेच तर मी लपलो. वायरलेस हेडफोन एक, आणि कॉम्प्युटर दोन — एक ऑफिसचा, एक घरचा. मी बसवनगुडीतल्या घरून काम करायचो. मीटिंग रंगात आली की बायको आतल्या खोलीत घरच्या लॅपटॉपवर मालिका लावायची, आणि हेडफोन टुणकन तिकडे! साहेब बोलतायत आणि माझ्या कानात कुणाची तरी सासू रडतेय. आतून बायको ओरडतेय, “अहो, खाल्लात ना परत माझ्या मालिकेचा आवाज!” ब्लूटूथ बंद कर, चालू कर, जोड, तोड — किती वैतागायचं माणसानं? ऑफिसात त्याची थट्टाच झाली होती. माझ्या हाताखाली काम करणारी निपाणीची रेखा तर म्हणायची, “अण्णा, त्याला दोन-दोन घरं दिलीत तुम्ही. मग तो नांदणार कुठं ओ?”

त्याच रेखाला एका चाचणीसाठी मी मापांची जुनी फाईल वापरायला सांगितली. फोनवर, घाईत. चाचणी फसली. मीटिंगमध्ये साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती म्हणाली, “अण्णांनीच सांगितलं होतं, सर. विचारा की त्यांना.”

साहेबांनी मला हाक मारली. दोनदा. स्वच्छ ऐकू आली. बायको बाजारात होती, घरचा लॅपटॉप बंद — नेमका त्या दिवशी हेडफोन शहाण्यासारखा वागत होता. आणि मी? मी टाइप केलं, ‘सॉरी, हेडफोन परत घरच्या लॅपटॉपवर गेला. काहीच ऐकू आलं नाही.’ सगळे हसले. विषय पुढे गेला.

नंतर तरी बोलायचं होतं ना? रेखानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, “सांगितलंय साहेबांना. ऐकत नाहीत.” दुसरं खोटं. तिला आमच्या कामावरून काढून शहराबाहेर आनेकलच्या युनिटात पाठवलं.

जाण्याआधी ती घरी आली. मला वाटलं, भांडेल. तिनं घरचा लॅपटॉप मागून घेतला आणि त्यातली हेडफोनची जोडणी पुसून टाकली. “आता एकाच घरचा हं, अण्णा. परत कुणाचं नुकसान नको.” टोमणा नव्हता तो — तिला खरंच हेडफोनचाच दोष वाटत होता! मी तिला चहा दिला. बाकी काय दिलं?

तेव्हापासून हेडफोन एकदाही पळालेला नाही. आता वैतागायचं तरी कुणावर?

गेल्या आठवड्यात साहेबांना खरं काय ते लिहून पाठवलं आणि आनेकलची बस धरली. युनिटच्या फाटकाशी रेखा हसतच आली. “काय ओ अण्णा, परत पळाला काय हेडफोन?”

“नाही,” मी म्हणालो. “त्या दिवशीही पळाला नव्हता. मला सगळं ऐकू येत होतं, रेखा. जुनी फाईल मीच वापरायला सांगितली होती, आणि साहेबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. माझं चुकलं.”