एर्मियोनीहून सांगलीला फोन

भरतेश मगदूम समडोळीचा. ऊस आणि हळद पिकवणाऱ्या जैन घरातला हा पोरगा कधी जहाजावर चढेल असं त्याच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण आयटीआय करून तो वायरमन झाला आणि मुंबईच्या एका एजंटानं त्याला ग्रीक मालकाच्या मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लावून दिलं. नऊ-दहा महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी, असं चार वर्षं चाललं होतं.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात इंजिनरूमच्या लोखंडी शिडीवरून त्याचा पाय सटकला आणि नडगीचं हाड मोडलं. ग्रीसमधल्या पिरेअस बंदराच्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. बोट काही थांबणार नव्हती. कप्तान भला माणूस. तो म्हणाला, "प्लास्टर निघेपर्यंत माझ्या आईकडं राहा. आमच्या गावची हवा चांगली आहे."

असा भरतेश कप्तानाच्या गावी, एर्मियोनीला, येऊन पडला.

गाव म्हणजे समुद्रात लांबवर घुसलेली जमिनीची जीभ. दोन्ही अंगांना पाणी आणि दोन्ही अंगांना बंदर. एका बाजूला मासेमारीच्या होड्या आणि पिरेअसहून येणारी जलद बोट, दुसऱ्या बाजूला कॉफीची दुकानं आणि जाळी विणत बसलेले म्हातारे. जिभेच्या टोकाला पाइनची झाडी होती. त्या टोकाला गाववाले बिस्ती म्हणत, म्हणजे शेपटी. गावाबाहेर डाळिंबाच्या बागा होत्या. त्या पाहून भरतेशला आटपाडीकडची रानं आठवत.

कप्तानाच्या आईला सगळे कीरा आनेझिना म्हणत. कीरा म्हणजे आपल्याकडचं काकू. तिनं एकदाच विचारलं, मासे? मटण? अंडं? भरतेशनं तीनदा मान हलवली. मग तिनं कपाळावर हात मारला आणि त्या दिवसापासून घेवड्याची उसळ, पाव, ऑलिव्ह, भेंडी असं त्याच्यापुढं येऊ लागलं.

शेजारी याकोव मास्तर राहत. शाळेतून रिटायर झालेले. त्यांना इंग्रजी येई आणि ऐकणारा माणूस सापडत नसे. ते भरतेशला कुबड्यांवर चालवत बिस्तीवर नेत आणि दगड दाखवत. हा समुद्रदेवाच्या देवळाचा पाया. हा जुन्या तटाचा तुकडा. इथल्या शंखातल्या किड्यांपासून जांभळा रंग काढत. सिकंदराला इराणच्या खजिन्यात इथल्या रंगाची जुनी वस्त्रं सापडली, तर रंग कालचा वाटावा असा ताजा! भरतेशनं विचारलं, "एका कपड्याला किडे किती?" मास्तर म्हणाले, "हजारो." भरतेशच्या अंगावर काटा आला.

"आणि इथंच कुठंतरी," मास्तर एकदा म्हणाले, "जमिनीला भेग होती. त्यातून थेट पाताळात जाता येई. म्हणून इथले लोक मेलेल्याच्या तोंडात वाटखर्चाचं नाणं ठेवत नसत. वाट इतकी जवळची!"

मास्तर हसले. भरतेशही हसला.

जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व त्यानं तिथंच पाळलं. अनंत चतुर्दशीचा कडक उपास केला. समडोळीला असता तर सारं घर बस्तीत, जैन मंदिरात असतं. यंदा मात्र चंदनबाला, त्याची बायको, पर्वासाठी आपल्या थोरल्या बहिणीकडं, कीर्तीकडं जाणार होती. कीर्तीचं सासर उमरग्याजवळच्या खेड्यात. ऑगस्टात फोनवर चंदन म्हणाली होती, "कीर्तीआक्का लय दिस बोलावतीय. जाऊ का?" भरतेश म्हणाला होता, "जा की. मी न्हाई तर घरी बसून काय करशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पारण्याला बसला होता. आनेझिनानं पाव आणि अंजिरं पुढं ठेवली. घास तोंडात घालणार तोच मास्तर दारात आले. त्यांचा चेहरा पाहून भरतेशचा हात थांबला.

"तुमचं राज्य महाराष्ट्र ना?" मास्तरांनी विचारलं. "चला. मोठा भूकंप झालाय, टीव्हीवर दाखवतायत."

कॉफीच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांनी खुर्च्या सरकवून त्याला जागा दिली. पडद्यावर हिंदुस्थानचा नकाशा होता आणि त्यावर लाल वर्तुळ. मग दगडांचे ढीग. ढिगांवर मुंडासं बांधलेली माणसं हातांनी दगड उपसत होती. ती माणसं परकी नव्हती. निवेदिकेच्या ग्रीक बोलण्यातून दोन शब्द कानांत घुसले: लातूर, उस्मानाबाद. उमरगा उस्मानाबाद जिल्ह्यातच.

मीच जा म्हणालो, एवढंच त्याच्या डोक्यात घुमू लागलं.

त्याला एकच नंबर पाठ होता. सांगलीत हळदीच्या एका पेढीवर चंदनचा धाकटा भाऊ बाहुबली दिवाणजी होता, तिथला. टेलिफोन कचेरीतल्या बाईनं नंबर फिरवला, पुन्हा फिरवला, शेवटी मान हलवली. लाइनी तुंबल्या होत्या. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. मध्येच एकदा घंटी वाजली, कुणीतरी "हॅलो" म्हणालं आणि लाइन तुटली. तो आवाज बाहुबलीचा होता की नव्हता यावर भरतेशनं सारी संध्याकाळ घालवली. बाहुबली पेढीवर असेल तर सगळं ठीक असेल. की ठीक नसेल म्हणूनच तो फोनजवळ बसला असेल?

त्याला जेवण जाईना. डोळे मिटले की मास्तरांची ती भेग दिसे आणि तिच्या काठावर चंदन.

आनेझिना त्याच्यासमोर येऊन बसली. तिचा नवरा समुद्राच्या तळातून स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाई. एका साली सारे परतले, तो नाही आला, निरोपही नाही. हे तिनं खुणांनी आणि तुटक शब्दांनी सांगितलं. मग काय झालं, हे विचारायची भरतेशची छाती झाली नाही. तिनं पाव मोडून त्याच्या हातात दिला आणि तो खाईपर्यंत हलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाइन लागली.

"हॅलो! बाहुबली हाय का?"

"बोलतोय. कोण?"

"आरं, मी भरतेश."

"दाजी! आवं, कुठनं बोलताय?"

"ते ऱ्हाऊ दे. चंदन कुठं हाय?"

तारेत नुसती घरघर. भरतेशनं फोन कानाला दाबून धरला.

"हाय, दाजी. जित्ती हाय. हात मोडलाय, मिरजेला दवाखान्यात आणलंय. तुमी घाबरू नगा."

"आणि कीर्ती?"

बाहुबलीचा हुंदका ऐकू आला. "कीर्तीआक्का गेली, दाजी. भावजी बी गेले. माळवदाचं घर, समदी माती अंगावर आली. मयूरी रडत हुती म्हणून चंदनाक्का तिला घिऊन पडवीत पत्र्याखाली निजली हुती. त्या दोघीच ऱ्हायल्या."

मयूरी कीर्तीची लेक. चार वर्षांची.

फोन ठेवून भरतेश वळला. आनेझिना दारात उभी होती. "झी," तो म्हणाला. जगतेय. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली. मग त्याला आपल्याच आनंदाची शरम वाटली आणि त्या परक्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं टेकून तो रडला.

प्लास्टर निघताच कप्तानानं त्याच्या परतीची सोय केली. मिरज स्टेशनवर चंदन आली होती, एक हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हाताला मयूरी. भरतेश काठी टेकत जवळ गेला. पोरगी मावशीच्या मागं लपली.

"प्रवासात पाय दुखला का?" चंदननं विचारलं.

"न्हाई."

"हिला छपराखाली झोप येत न्हाई," ती हळूच म्हणाली. "ओरडून उठती. आमी अंगणातच निजतो."

त्या थंडीत तिघंही अंगणात निजले. शेजारपाजारचे हसले, भरतेशच्या आईनंही कुरकुर केली, पण चंदन हटली नाही. भरतेश पुन्हा बोटीवर गेला नाही. सांगलीत पाण्याच्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करायचं छोटं दुकान त्यानं टाकलं आणि मागं पत्र्याची खोली घेतली. मयूरी तिथंच वाढली, शाळेत जाऊ लागली, त्याला पप्पा म्हणू लागली.

रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला की फळीवरची भांडी खणखणत. तेव्हा जेवता जेवता तिघांचे हात थांबत. ट्रक पुढं गेल्याची खात्री झाली की मयूरीच आधी म्हणे, "जेवा आता," आणि मग ती दोघं जेवत.